लाल पट्ट्यातला काटा

इंजिनाचा ताप दाखवणारा काटा पुन्हा लाल पट्ट्यात जाऊन बसला आणि विद्याश्रीनं ट्रक बंद केला.

"बघितलंस?" शिवाप्पा दारातूनच ओरडले. "सकाळपासनं तिसऱ्यांदा! आज निकाल लाव बाई. इंजिन मेलं असंल तर सरळ भंगारात घालतो."

कळंब्याच्या रस्त्याला विद्याश्रीचं गॅरेज होतं. बाई डिझेलची इंजिनं खोलते, हे लोक आधी नुसते बघायला यायचे. मग गाड्या घेऊन येऊ लागले. गुळाचे व्यापारी शिवाप्पा तर दुसऱ्या कुणाला ट्रकला हात लावू देत नसत. पोरगी इंजिनाबद्दल कधी खोटं बोलत नाही, असं ते चारचौघांत सांगायचे.

ट्रकचा ड्रायव्हर केरबा टायरवर तोंड पाडून बसला होता. अठरा वर्षं त्यानं हा एकच ट्रक चालवला होता. आरसा, किल्ली, पाण्याची बाटली, जिथं जागा मिळेल तिथं त्यानं लाल-पिवळ्या लोकरीचे गोंडे बांधलेले. स्वतः वळायचा आणि अशी दुहेरी गाठ मारायचा, की सुटायची नाही, कापावीच लागायची.

"भंगारात कशाला, अण्णा?" तो म्हणाला. "त्याच भावात मला द्या. दारात उभी करतो."

"बंद गाडीत कोंबड्या पाळणार हायस व्हय?" शिवाप्पा हसले. "ने की! इंजिन मेलंय असं विद्या म्हणाली, तर तुझी."

विद्याश्रीला ते हसणं आवडलं नाही. चार वर्षांपूर्वी दसऱ्याला, गाडीच्या पूजेला तीही होती. पेढे वाटता वाटता शिवाप्पा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "दुसरी गाडी आली की ही केरबाची." दुसरी गाडी येऊन दोन वर्षं झाली. पेढ्याबरोबर दिलेला शब्द मात्र सगळे विसरले. निदान ही गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही, एवढं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

शिवाप्पा फोन कानाला लावून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेले, आणि तिनं बाह्या सारल्या.

टाकीत पाणी खुणेपर्यंत भरलेलं. वाफ नाही, जळका वास नाही. तिनं ताप मोजायची बंदूक इंजिनावर रोखली. पासष्ट! तिला खरं वाटेना. पुन्हा मोजलं. पासष्टच.

"मामा, इंजिन गार हाय!" ती ओरडली. "काटा खोटं बोलतोय!"

"जुनी गाडी हाय, पोरी," केरबा पुटपुटला. "डॅशबोर्डात हात घालू नगंस. वायरी कुजल्यात सगळ्या."

बिचाऱ्यानं आशाच सोडलीय, असं तिला वाटलं. तिनं काट्याला ताप कळवणाऱ्या, इंजिनावरच्या सेन्सरची वायर उपटली. आता काट्यानं खाली पडायला हवं होतं. ती केबिनमध्ये चढली, बटण दाबून जोतिबाच्या तसबिरीपुढचा छोटा दिवा लावला आणि किल्ली फिरवली. देवाला दिवा लावल्याशिवाय गाडी चालू करायची नाही, ही केरबाची रीत. त्याच्या गाडीत ती सगळ्यांनीच पाळायची.

काटा सावकाश चढला आणि लाल पट्ट्यात जाऊन बसला.

सेन्सर सुटलेला, मग हा ताप सांगतोय कुणाचा? महिनाभर पंप बदल, थर्मोस्टॅट बदल असं चाललं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! इतका आनंद तिला पहिलं इंजिन जोडलं तेव्हाही झाला नव्हता.

गाडी आणि दिवा बंद करून तिनं खाली उडी मारली, सेन्सर परत जोडला, धावत वर आली, आणि घाईत दिवा न लावताच किल्ली फिरवली. काटा तळाशी. तशीच थांबली. काटा जेमतेम हिरव्यात आला. तिनं दिवा लावला. काटा चढू लागला. दिवा बंद केला. उतरला.

"मामा!" ती सीटवर लहान पोरीसारखी उडाली. "देवाच्या दिव्यानं काटा चढतोय! तुमची गाडी धडधाकट हाय!"

मान खाली घालून केरबा हातातला गोंडा कुरवाळत राहिला. त्याचे डोळे भरून आलेले तिनं बघितले, आणि तिचेही भरून आले. ती हसत हसतच डॅशबोर्डाचे चार स्क्रू काढायला लागली.

तेवढ्यात शिवाप्पा रस्ता ओलांडून आले. टपरीवर वाहनांच्या आवाजात त्यांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. "विद्या, हातकणंगल्याचा बाळासो निघालाय बघ. इंजिन चांगलं असंल तर आजच गाडी घेऊन जातो म्हणतोय, भावही झक्कास देतोय. केरबा, काय ठरतंय बघू. तोवर तुझं ते गोंडेबिंडे काढून ठेव."

विद्याश्रीचा हात डॅशबोर्डात होता. दिव्याच्या बटणापासून एक वायर निघालेली तिच्या बोटांना लागली. सेन्सरच्या वायरीला ती नीट सोलून जोडलेली होती. कुजलेली नव्हती, नवीकोरी होती. सांध्यावर टेप नव्हती. काहीतरी मऊ गुंडाळलेलं होतं. तिनं वाकून बॅटरीचा उजेड टाकला.

लाल-पिवळी लोकर. दुहेरी गाठ.

तिनं केरबाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"सापडलं काय गं?" शिवाप्पांनी विचारलं. "तू म्हणशील ते खरं."

"सापडलं, अण्णा. या, बघा."

तिनं डॅशबोर्डाचं झाकण जागेवर बसवलं आणि चारही स्क्रू घट्ट पिळले. मग जोतिबाचा दिवा लावला, हात जोडले आणि किल्ली फिरवली. काटा लाल पट्ट्यात जाऊन बसेपर्यंत ती थांबली.

"इंजिन मेलंय," ती म्हणाली.