सीडीतली बाई

टीव्हीतल्या बाईनं बुरखा खांद्यावरून खाली सोडला, पाठ फिरवली, आणि बद्रीनाथच्या बैठकीत सगळे पुढं सरकून बघायला लागले. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. काळेनिळे, टरारून फुगलेले.

"अरारारा! काय हाल करून राह्यले बाईचे! माणसं हायेत का राक्षस?" बद्रीनाथ म्हणाला.

सीडी त्यानंच भोकरदनहून आणली होती. मुसलमानांत बायकांना कसं वागवतात यावरची दहा-पंधरा मिनिटांची फिल्म. हिच्यावरून कुठं मोर्चे निघाले, कुठं बंदी आली. मग काय, बघायची घाई सगळ्यांनाच! मेव्हणा साहेबराव सुपारी फोडायला आला होता, त्यालाही आग्रहानं पुढं बसवलं. त्याच्या दोघी बहिणींतली थोरली नंदा बद्रीनाथला दिलेली, आता धाकटी सत्यशीला तिच्या दिराला द्यायची. दोघी एका चुलीवर, म्हणजे माहेरालाही घोर नाही.

नंदा चहा घेऊन आली ती दारातच थिजली. वळांचं तिला काय नवल? पण नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंखुरं पाणी! परवा कंबरेचा पट्टा काढला तेव्हा हे डोळे कुठं गेल्ते? या माणसाला आठवतच नाही की काय? सकाळपासून ती दादाला एकटं गाठून सांगायचं म्हणत होती, पण मेली जीभच उचलत नव्हती.

"आपल्यात असलं बिलकुल चालत न्हाई, साहेबराव," बद्रीनाथ नाक ओढत म्हणाला.

"बराबर हाय, दाजी. घर बघूनच तर पोरगी दिली."

बद्रीनाथची आई सगुणाबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. टीव्हीतलं सगळं तिला खरंच वाटायचं. डोळे बारीक करून तिनं त्या पाठीकडं पाहिलं आणि तिचा जीव कळवळला.

"आगं बाई, वळ तसेच उघडे ठिवलेत की! हिला घरात सासू न्हाई का? ऊन तेलात हळद कालवून लावली का दोन दिसांत उतरतंय. आमच्या नंदीला मीच लावती दर बारीला. एक तरी वळ ऱ्हायलाय का बघा!"

"आये!" बद्रीनाथ केवढ्यानं तरी ओरडला.

म्हातारी गोंधळून त्याच्याकडं बघायला लागली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. टीव्हीतली बाई बोलतच होती, पण आता तिच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

साहेबराव उठून बहिणीजवळ आला. "नंदे, काय म्हणून राह्यल्या मावशी?"

एरवी तिनं हसून विषय बदलला असता. आज तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला.

"सासूबाई थकल्या रे दादा," ती म्हणाली. "दोघी बहिणींच्या पाठींना हळद लावणं त्यांच्यानं व्हायचं न्हाई."