न्हायचं पाणी

"अप्पा, पाऊसच न्हाई, तर तुमची गाडी गळती कशी?"

प्रश्न मैत्रिणींचा होता. "हिंमत असंल तर विचारून दाखव," म्हणून त्यांनी रुद्राणीला डिवचलं होतं, आणि आता तिघी फाटकाबाहेर तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

तिच्या वडिलांनी, शंकरप्पांनी, मान वर केली नाही. भंगारातून आणलेली जुनी गाडी त्यांनी अंगणात उभी करून पुन्हा नवी केली होती. रंग झाला, इंजन सुरू झालं. लातूरचा वेगळा जिल्हाही झाला. आता औशाहून निघायचं आणि नव्या कलेक्टर कचेरीसमोर ऐटीत उतरायचं, एवढंच बाकी होतं. पण पुढची काच गळत होती. त्यांनी रबर बदललं, डांबर लावलं, फटीत लांबीची लुगदी भरली, मेण ओतलं. दर खेपेला घरातलं पाणी ओतून बघितलं आणि दर खेपेला दार उघडून ओली सीट चाचपली.

"पाऊस आल्यावर बोंबलत बसू का मग?" ते म्हणाले. "दानम्मा, बादली आण."

"कोणती?" रुद्राणीची आई, अव्वा, आतून कडाडली. "घरात एकच हाय, पोरीच्या न्हायची. टँकर आला तवापासून झाकून ठेवलीय मी. उद्या तिला लातूरला भाषणाला उभं ऱ्हायचंय. डोकं बघा तिचं, नुसता केरसुणीचा बुडखा झालाय!"

फाटकाबाहेर हसू फुटलं. रुद्राणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"भाषण तोंडानं करतेत, केसानं न्हाई," अप्पा म्हणाले आणि स्वतःच जाऊन बादली उचलून आणली.

अप्पांशी भांडून त्या घरात आजवर कुणी जिंकलं नव्हतं. रुद्राणी तरातरा आत गेली, शिकेकाईची वाटी घेऊन आली, गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसली आणि वेणी सोडली.

"ए! काय करायलीस?"

"ओता की अप्पा. तुमचं पाणी शेवटी हितंच येणार हाय."

अव्वा पदर तोंडाला लावून हसली. मग तर अप्पा इरेलाच पेटले. स्टुलावर चढले. पहिला तांब्या नेहमीप्रमाणे टपावरच्या पितळी नंदीला. स्वतःच्या हातानं भोक पाडून, बोल्ट कसून, त्यांनी तो बरोब्बर काचेच्या वर बसवला होता. "नमः शिवाय" म्हणत नंदीला न्हाऊ घातलं आणि मग काचेवर तांब्यामागून तांब्या. बॉनेटवरून ओघळेल तेवढं अव्वा परातीत धरत होती.

आत धार लागली. रुद्राणीनं डोकं तिच्याखाली धरलं, शिकेकाई खसाखसा चोळली आणि किलकिल्या डोळ्यांनी वर बघितलं. टपाला आतून अजून कापड लावलं नव्हतं. उघडा पत्रा दिसत होता. काचेचं रबर कोरडं ठणठणीत. पाणी नंदीच्या बोल्टाभोवतीनं आत येत होतं, पत्र्यावरनं सरपटत काचेच्या कडेला पोचत होतं आणि तिथून खाली.

बादली संपली. अप्पांनी धाडकन दार उघडलं. "आलं का?"

"आलं. कुठून येतंय तेबी दिसलं."

"दिसलं?" अप्पांचा आवाज एकदम मऊ झाला. "कुठून गं, माय?"

रुद्राणी खाली उतरली. अर्धं डोकं भिजून ठिबकत होतं, अर्ध्यावर शिकेकाई तशीच वाळायला लागली होती. तिनं एकदा अव्वाकडं बघितलं, एकदा रिकाम्या बादलीकडं.

"अप्पा, अव्वा, मी ठरवलंय. आत्ता सांगितलं तर तुम्ही ते बुजवणार, अन् बुजलं का बघायला आणखी एक बादली नेणार. मी न्हाई सांगणार. पाऊस पडला की सांगीन."