तिसऱ्या शहरापासून

"नाश्ते दोन?" तिने पेन्सिल कागदावर टेकवली. "तुम्ही एकटेच जाताय ना?"

"एकटाच," नवरा म्हणाला. "तिकडचे नाश्ते लहान असतात."

तिची पेन्सिल पुढच्या ओळीवर सरकली. एकतीस वर्षं कारखान्याच्या खरेदी खात्यात काढलेली बाई. दहा नग देऊन बाराचं बिल लावणारे भलेभले तिने सरळ केले होते. घरातही तिची बरोबरची खूण पडल्याशिवाय साधा झाडू येत नसे. म्हणून तर चष्म्याचं दुकान विकून मोकळा झालेला नवरा आयुष्यात पहिल्यांदा एकटा युरोपला निघाला, तेव्हा त्याने आधी हा कागद तिच्यापुढे ठेवला. सहा शहरं, अठरा दिवस आणि खाली युरोमध्ये बेरीज.

रोम ठीक होतं. एक खाट, एक नाश्ता, बसचा एक पास. फ्लॉरेन्सही तसंच. तिसरं म्युनिक, आणि तिथून मात्र प्रत्येक गोष्टीला जोडीदार फुटला होता. मोठी खोली. पास दोन. प्रागला नावेची तिकिटं दोन. व्हिएन्नाच्या गाडीत खिडकीजवळच्या जागा, त्याही दोन.

"एक माणूस दोन खिडक्यांतून बघणार?"

नवऱ्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, घातला. पुन्हा काढला.

"सांगू का?"

चोरी पकडायची तिला सवय होती, पण समोरच्याने आपणहून कबूल होण्याची नव्हती. आता याने तोंड उघडलं की चौतीस वर्षांचा संसार या टेबलावरच मोडणार, असं तिला वाटलं आणि ती चक्क घाबरली.

"नको. मी आकडे विचारले, गोष्ट नाही."

"अगं, पण ऐक तरी..."

"विषय संपला."

विषय संपवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते बसले होते ती खोली पूर्वी मुलीची. सहा वर्षांपूर्वी मुलगी हिच्याशी भांडून घराबाहेर पडली, दुसऱ्या दिवशी हिने तिथला पलंग काढून टेबल टाकलं, आणि त्या विषयाला कुलूप लागलं ते लागलंच. नवऱ्याने तेव्हाही नुसती मान डोलावली होती. आताही डोलावली आणि विम्याचे कागद आणायला निघाला. दारात मात्र घुटमळला. सँडलचा पट्टा लावला, सोडला, परत लावला.

"काही विचारावंसं वाटलं तर फोन कर," म्हणाला आणि गेला.

तिने फोन केला तो धाकट्या बहिणीला.

"भावोजी? आणि दुसरी बाई?" बहीण फिसकन हसली. "ताई, त्या माणसाला दुसरा चहा मागायचा धीर होत नाही!"

"म्हातारचळ काय सांगून येतो? सहा महिने झाले, गच्चीत जाऊन फोनवर बोलतात. मी जिना चढले की ठेवतात. परवा तर तिथेच मोबाइलमध्ये बघून एकटेच हसत होते. डोळे पुसत होते."

"मग सरळ विचार ना त्यांना."

"विचारलं तर ते खरं सांगतील. तीच तर भीती आहे."

"तुझ्या घरात माणसांपेक्षा कुलपं जास्त झालीत, ताई," बहीण म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिने कॉम्प्युटर उघडला. नवऱ्याच्या मेलचा पासवर्ड तिनेच घालून दिलेला होता. त्याला तो आठवत नसे म्हणून तिच्याच वहीत लिहिलेला. म्युनिकचं बुकिंग पहिल्याच पानावर सापडलं. पाहुणे दोन. नाव फक्त नवऱ्याचं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की आज दुपारी बारापर्यंत फुकटात रद्द करता येईल.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला बारा मिनिटं कमी होती.

ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. गच्चीतलं ते हसू तिच्या कानातून जाईना. एवढं मोकळं तो तिच्याशी बोलताना कधी हसला होता? आठवेना. मग राग आला, आणि रागाबरोबर रडू. आतापर्यंत आवरलेलं सगळं एकदम वर आलं. जायचं तर जा बाबा, तिच्या मनात आलं, पण दोघांची खोली माझ्या पेन्सिलीखालून पुढे जाणार नाही.

तिने 'रद्द करा' दाबलं.

'नक्की?' कॉम्प्युटरने विचारलं.

बाराला चार मिनिटं कमी असताना तिने 'हो' दाबलं. मग कागद पुढे ओढला, म्युनिकच्या ओळीतले सगळे दोन खोडले, वर ठसठशीत एक एक लिहिला आणि शेजारी बरोबरची खूण केली. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

खाली फाटक वाजलं. नवरा आला होता. त्याची पावलं जिन्यावर ऐकू येत असतानाच पडद्यावर नवा मेल आला. हॉटेल लहान असावं, कारण मालकिणीने स्वतःच लिहिलं होतं.

'खोली रद्द केली आहे, आणि वाट बघणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाला दिलीही. फार वाईट वाटलं. तुमची मुलगी कालच तिच्या जवळच्या गावाहून बाळाला कडेवर घेऊन खोली बघून गेली होती. पाळणा खिडकीशी ठेवा म्हणाली, आणि आई आलीच तर असू दे म्हणून एक खाट जादा सांगून गेली होती.'