झेलणारी

"आधी सरू काय बोलली ते सांग. मग गाईन," सकुबाई म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ निवडत राहिल्या.

वंदनाने लॅपटॉप मांडीवर घेतला. पडद्यावर मागच्या रविवारच्या गाण्याची आडवी रेघ होती आणि रेघेवर जागोजागी टिपणं टाचलेली. हे सॉफ्टवेअर फुकट होतं, कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. एकाने गाणं रेकॉर्ड करून चढवायचं. मग जुनी गाणी जमवणाऱ्या गटातल्या कुणीही, कुठूनही, ज्या सेकंदाला काही खटकेल किंवा आठवेल तिथे लिहायचं.

"पहिलं इंद्रजीतचं आहे. गटाचं काम बघतो तो. एक मिनिट बारा सेकंदांवर विचारतोय, हा आवाज कसला?"

"कसला?"

"कोंबडीचा. मी खाली तसं लिहिलंय."

"कोंबडीचं पण लिवलंस?" सकुबाई हसल्या. "मग तिलाच साक्षीला उभी कर गो. सरूपेक्षा तिचा सूर बरा."

"आता सरस्वतीबाईंचं. 'बरोबर आहे. हे हळद उतरवताना म्हणायचो. सकू पहिली ओळ घाईत घेते. तेव्हाही घ्यायची.'"

सुपातला हात थांबला. "घाईत! सोताचा दम पुरायचा नाय, आन् मी घाईत." पण त्या पुन्हा हसल्या, आणि गायला बसल्या.

सकुबाई वैशाखरे गावातल्या शेवटच्या धवलेरी. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाची गाणी सांगणाऱ्या. धवलेरी एकटी गात नाही. एक ओळ सांगते, दुसरी ती झेलते, मागून म्हणते. सकुबाईंची ओळ चाळीस वर्षं सरस्वतीने झेलली. नऊ वर्षांपूर्वी ती मुलाकडे खर्डीला गेली. फोन कधी आला नाही. गावात आता हळदीला स्पीकर लागतो.

गटाचा नियम एकच होता. दुसऱ्या जाणकाराने 'बरोबर' म्हटल्याशिवाय गाणं पक्कं धरायचं नाही. तीन महिने तसंच राहिलं तर त्या गावातलं काम बंद करायचं आणि रेकॉर्डर दुसरीकडे द्यायचा. भाद्रपदात इंद्रजीतने वैशाखऱ्याबद्दल विचारलं, तेव्हा सकुबाई ताठ बसल्या होत्या. "म्हंजे मी खोटी? सरूला विचार जा. ती सांगंल."

वंदना नवरात्रात खर्डीला गेली. घर सापडलं. सून एकटीच ओट्यावर बसून अर्धा तास सासूबद्दल बोलली, वंदनाने ऐकून घेतलं. परतल्यावर तिने इंद्रजीतला कळवलं, सोय झाली आहे. त्या आठवड्यापासून सरस्वतीबाईंच्या नावाने टिपणं यायला लागली.

"तिला लिवाया कुठं येतं?" सकुबाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"सून लिहिते," वंदना म्हणाली होती.

वंदना सापगावची. शहापूरला माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. सोमवार ते शनिवार मातीचा सामू, म्हणजे पीएच, काढायचा, आकडे तक्त्यात भरायचे. आई, जानकीबाई, गेल्या वर्षी वारल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. रविवारी सकाळी ती मुरबाडला एसटी बदलून वैशाखऱ्याला यायची. येणंजाणं मिळून पाच तास. गटात एवढा प्रवास दुसरं कुणी करत नव्हतं.

"तुमच्यात लग्नाला काय म्हणतात गो?" सकुबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं.

"त्रिसरण, पंचशील. अर्ध्या तासात लग्न लागतं."

"मग ही गाणी तू कवाच आयकली नसशील."

"नाही. इथेच पहिल्यांदा."

सकुबाईंनी मान हलवली. वंदनाने रेकॉर्डर चालू केला.

"आठा दिसांची गो पाहुणी आली,
ओटीवर तिची सावली बसली.
पाणी दे बाय, गूळ दे बाय,
सावली उठली, पाहुणी नाय."

प्रत्येक ओळीनंतर त्या झेलणारीसाठी जागा सोडायच्या. तेवढा वेळ रेकॉर्डरवर नुसता वारा भरायचा. वंदना तो कापत नसे.

"हे कधी म्हणायचं, मावशी?"

"नवरी पयल्यांदा माहेरी येते ना, तवा." त्यांनी कप उचलले. "पक्कं होईल ना?"

"सरस्वतीबाई काय म्हणतात बघू."

"आन् नाय बोलली तर?"

"बोलतील."

पुढच्या रविवारी एसटी उशिरा आली. सकुबाई ओटीच्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघत होत्या. नातू अक्षय कल्याणला कामाला होता. शिमग्याला येतो म्हणाला होता, त्याला अजून महिना होता. वंदनाने पाय धुतले, पाणी घेतलं आणि लॅपटॉप उघडला.

"इंद्रजीतने लिहिलंय, एवढी गाणी दुसऱ्या कुठल्याच गावातून आली नाहीत. चौतिसावंही पक्कं झालं."

"सरू बोलली?"

"हो. 'आठा दिसांची पाहुणी. शेजारच्या देवजीच्या बहिणीला म्हटलं होतं. सावलीची ओळ दोनदा घ्यायचो. मी झेलताना रडले होते, सकू हसली होती.'"

 सकुबाई आत गेल्या, गुळाचा खडा आणून तिच्या हातावर ठेवला आणि शेजारी टेकल्या.

"परत वाच."

वंदनाने परत वाचलं. या वेळी सावकाश, पडद्याकडे न बघता.

"अजून किती आहेत, मावशी?" तिने विचारलं. "पुढच्या रविवारी येऊ ना?"

"ये की," सकुबाई म्हणाल्या. "जुनी गाणी दिवाळीतच संपली गो. तवापासून तू यावीस म्हणून दर आठवड्याला एक मीच जुळवते. पण सरूला ती सगळी कशी ठावी?"