आधी मासा

दुकानात आई मांजरीच्या खाण्याच्या पाकिटामागची घटकांची बारीक अक्षरातली यादी वाचत होती. "आधी मका, मग मासा? मांजर आहे हो आमची, कोंबडी नाही!" जन्मात अंड्यालाही न शिवलेली आई मांजरीसाठी मासा पारखत होती.

"माझ्या डब्यात भेंडी म्हणजे भेंडीच असायची," मी चिडवलं.

"नावं ठेवायला तुला तोंड होतं. ही बिचारी कुणाला सांगेल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपेतच गेली.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले. आईने निवडलेलं पाकीट फोडून मी बशीत वाढलं. मांजरीने नुसतं हुंगलं आणि ती आईच्या खोलीकडे बघत बसली. दमून मी तिच्याशेजारी फरशीवर टेकले.

"खा गं," मी म्हणाले. "तिला कधी सांगितलं नाही, पण मलाही तिच्याच हातचं आवडायचं."