बारा शब्दांचा डबा

"जपीसन ठेवा बरं, अक्का!" असं म्हणत सुलक्षणाने स्टीलचा डबा कोकिळाच्या हातात दिला आणि आल्या पावली परत फिरली. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. तिच्या घरी पाहुणे खोळंबले होते. 'हे संध्याकाळी येतील बसायला,' एवढं मात्र पायरीवरून सांगून गेली.

कोकिळाने झाकण उघडलं. आत मांडे होते, तेही विकतचे. तिला हसू आलं आणि रागही आला. अख्ख्या गल्लीत खापरावर मांडा टाकावा तर कोकिळानेच. पण धाकट्या दिराकडे, किरणकडे, पैसा आल्यापासून धाकट्या जावेचे विकतचे मांडेसुद्धा लोकांना गोड लागायला लागले होते. घरावर मजला चढला, दारात गाडी आली आणि सुलक्षणाचं नाव निघालं की कोकिळा जळायला लागली. हे तिला स्वतःलाच आवडत नव्हतं, पण जळणं थांबत नव्हतं.

तिने मांडे ताटात काढले, डबा घासायला उलटा केला आणि तिचा हात थांबला. बुडावर चार ओळींत इंग्रजी शब्द कोरलेले होते. तिने बोट ठेवून मोजले. बरोबर बारा.

हा डबा तिने सुलक्षणाच्या फडताळात पाहिला होता. भांड्यांवर नावं टाकायचं मशीन किरणने दुकानातून मागून आणलं होतं आणि दार लावून हे शब्द स्वतःच्या हाताने कोरले होते, असं सुलक्षणानेच तिला सांगितलं होतं. तेव्हा कोकिळाने घरी येऊन नवऱ्याला विचारलं होतं. गिरधरचा खिडक्यांच्या ग्रिल बनवायचा धंदा. त्याला किरणने सांगितलं होतं तेवढंच तो सांगू शकला.

"कॉम्प्युटरवरच्या कॉइनचा पैसा आहे तो. त्याला बँक नाही, साहेब नाही, सही नाही. बारा शब्द ज्याच्याजवळ, पैसा त्याचा. शब्द गेले, तर पैसाही गेला. मग कोणाच्या पाया पडला तरी मिळत नाही."

"आसा कसा पैसा? मेथीनी जुडी तरी ई का त्याम्हा?" कोकिळा म्हणाली होती. गिरधर हसला होता. तिला मात्र त्या रात्री झोप आली नव्हती. ज्या पैशात मेथीची जुडी येत नाही, त्यात मजला कसा चढतो, हे काही केल्या तिला उमगेना.

आणि आज तोच डबा तिच्या मोरीत पालथा पडला होता. पाहुण्यांच्या गडबडीत सुलक्षणाने हाताला लागेल तो डबा भरून दिला असणार.

कोकिळा चोर नव्हती. शब्द उतरवून घ्यावेत, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. ती सगळी इंग्रजी अक्षरं तिला सारखीच दिसायची. तिला तो पैसा नकोच होता. फक्त तो सुलक्षणाकडे नको होता. एवढंच.

गिरधर बाजारात शटर बसवायला गेला होता. ओट्यावर ग्राइंडर पडलेलं होतं. लग्नाला वीस वर्षं झाली होती. ग्रिल धरता धरता तिला पॉलिशची चकती चढवायला येत होती. तिने डबा पायांत घट्ट धरला आणि बटण दाबलं. ठिणग्या उडाल्या. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरी गेल्यावर ती थांबली. किरणने दुसरीकडे लिहून ठेवलेलेच असतील, असं तिने स्वतःला समजावलं आणि चौथीही घालवली. बूड आरशासारखं लखलखलं. तिने कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेतला.

पण तो डबा घरात नको वाटू लागला. रिकामं भांडं परत द्यायची रीत नाही, म्हणून तिने त्यात सकाळच्या सांजोऱ्या भरल्या, पदराखाली डबा धरला आणि ऊन कलायची वाटही न पाहता ती जावेच्या घरी गेली.

सुलक्षणा ओट्यावरच भेटली. डबा बघून ती खळखळून हसली.

"अय्या, अक्का! हाऊ परत काबर आना? हाऊ तुमना शे!"

"मना?"

"डबा दोन शेतस. एक आमना, एक तुमना. हे संध्याकायले ईसन सांगणार व्हतात, मनाच पोटमा राहत नही." तिने आत बोट दाखवलं. फडताळात, नेहमीच्या जागी, दुसरा डबा होता. "गिरधरभाऊनी सोतानी गाडी विकीसन यासले कॉम्प्युटर लई दिन्हा व्हता ना? त्याच कॉम्प्युटरवर हे हाई सगळं शिकनात. म्हनीसन निम्मं तुमना नावनं येगळं काढं. आखाजीनी भेट, अक्का."

कोकिळाने ओट्याच्या खांबाला हात लावला. डबा मात्र पोटाशी घट्ट धरून ठेवला.

"सुलक्षणा... मना डबावरना शब्द... तुमी दुसरीकडे लिखी ठेया व्हतीन ना?"

"नही हो, अक्का. मोबाइलमा नही, कागदवर नही. दुसरानं धन आमी काबर लिखी ठेवूत? तुमना शब्द फक्त तुमना डबावर." सुलक्षणाने प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हनीसन तर सांगं व्हतं ना, जपीसन ठेवा."