बदनामी

नाझींच्या छळछावण्यांचा धडा बाईंनी जीव ओतून शिकवला. आधी शेजाऱ्यांची दुकानं कशी फोडली, मग बायकापोरांना गुरांसारखं मालगाडीत कसं कोंबलं, हे ऐकताना दहावीचा वात्रट वर्गसुद्धा चिडीचूप झाला होता.

दुसऱ्या दिवशी बाई फळ्यावर लिहीत असतानाच दार लाथेने उघडलं. काठ्या घेतलेले चौघे आत घुसले. पहिला फटका मनगटावर बसला, दुसरा कपाळावर. बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. फळ्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले, पोरं किंचाळत बाकांखाली दडली.

"आमची बदनामी करता?" म्होरक्याने खाली पडलेल्या बाईंच्या बरगडीत लाथ घातली.

मुख्याध्यापक धावत आले आणि मध्ये पडले. "अहो, तो ऐंशी वर्षांपूर्वीच्या जर्मनीचा धडा होता! बाईंनी तुमचं नाव तरी घेतलं का?"

म्होरक्याची उगारलेली काठी हवेतच थांबली. रक्ताने चिकटलेल्या पापण्या कशाबशा उघडून बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

 

"त्यांनी कशाला घ्यायला हवं? काल माझी लेक घरी येऊन मला म्हणाली, 'बाबा, आज वर्गात तुमच्याबद्दल शिकवलं.'"